पगार, करार आणि भाग : मराठी अभिनेत्रींच्या आत्मकथनांतून दिसणारा कामाचा इतिहास

मराठी अभिनेत्रींनी १९४० पासून पुढच्या पाच-सहा दशकांत लिहिलेली किंवा सांगून लिहवून घेतलेली पुस्तके बहुधा दोन कारणांसाठी वाचली गेली : एक, त्यांतील खासगी आयुष्याच्या मोकळ्या कथनासाठी, आणि दुसरे, सरलेल्या चित्रपटयुगाच्या आठवणींच्या गोडीसाठी. या दोन्ही प्रकारच्या वाचनांत त्या लेखनाचा एक महत्त्वाचा भाग मागे राहतो, तो म्हणजे कामाची नोंद. काम कोणी मिळवून दिले, पैसा कोणाच्या हाती पडला, करारात स्त्रीला काय बोलता आले आणि काय नाही, शरीर थकल्यावर किंवा वय उतरल्यावर उद्योगाने तिला कोणती जागा दिली, हे या पुस्तकांत वारंवार येते. नाटकमंडळीच्या वळणावर चाललेली मूकपट कंपनी, मासिक पगाराचा स्टुडिओ, चित्रपटागणिक करार आणि दूरचित्रवाणीवरील दिवसावारी मानधन अशा चार व्यवस्था गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एकामागून एक आल्या. आणि अभिनेत्रीच्या वेळेवर हक्क कोणाचा, या एकाच प्रश्नाचे प्रत्येक व्यवस्थेने निराळे उत्तर दिले. अभिनेत्रींचे चिंतनही त्या उत्तराच्या अनुरोधाने बदलत गेले.

पहिल्या व्यवस्थेत स्त्री जवळजवळ नव्हतीच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाने केली होती, कारण त्या कामासाठी एकही स्त्री पुढे आली नाही. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) या मायलेकींनी भूमिका केल्या. या दोघी नाटकमंडळीतून आल्या होत्या, ही बाब येथे निर्णायक आहे. नाटकमंडळी म्हणजे गावोगाव फिरणारी, एकत्र राहणारी, एका पंगतीला जेवणारी संस्था होती आणि तिच्यात काम व घर यांच्यात भिंत नव्हती. फाळक्यांची नाशिकमधील कंपनीही याच वळणावर चालली : कामगार एकत्र राहत आणि सरस्वतीबाई फाळके त्यांच्या जेवणाखाण्यापासून फिल्मला छिद्रे पाडण्यापर्यंतची कामे उरकत. अशा घरगुती चौकटीत स्त्रीच्या श्रमाचे मोल वेगळे मोजण्याचा प्रश्नच उभा राहत नसे. कमलाबाई गोखले दीर्घायुषी ठरल्या आणि रीना मोहन यांनी त्यांच्यावर केलेल्या माहितीपटात त्यांचा आवाज जतन झाला. परंतु त्या पिढीतील स्त्रियांनी स्वतःच्या कामाविषयी ग्रंथ लिहिले नाहीत.

१९२० मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी कामे केली, तेव्हा त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी पडद्यावरची नवी नावे देण्यात आली. नाव बदलण्याच्या या पद्धतीमागे समाजातील बदनामीची धास्ती होती. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील सिनेमॅटोग्राफ समितीने देशभर साक्षी घेतल्या, तेव्हाही सुशिक्षित, ‘कुलीन’ स्त्रिया या धंद्यात का येत नाहीत, या प्रश्नाचा खल झाला. त्या काळी नट्यांसंबंधीची सार्वजनिक चर्चा जवळजवळ सर्वस्वी चारित्र्याभोवती फिरत होती. त्या स्त्रियांच्या वेतनाची किंवा कामाच्या तासांची विचारपूस त्या मानाने फारच थोडी झाली.

बोलपट आल्यावर स्पष्ट उच्चार, गाता गळा आणि शुद्ध भाषा यांची गरज निर्माण झाली आणि शिक्षित स्त्रियांसाठी दार उघडले. दुर्गाबाई खोटे यांचे उदाहरण या दृष्टीने पायाभूत मानावे लागते. मुंबईच्या संपन्न लाड कुटुंबात १९०५ मध्ये जन्मलेल्या, कॅथेड्रल शाळा आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या दुर्गाबाई चित्रपटात आल्या त्या हौसेपोटी नव्हे. सासरची आर्थिक घडी विस्कटली होती आणि मुलांचे पोट भरायचे होते. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मधील छोट्या भूमिकेवर समाजाने टीकेची झोड उठवली, पण त्यातूनच व्ही. शांताराम यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या प्रभात फिल्म कंपनीच्या पहिल्या मराठी बोलपटात त्या तारामती झाल्या. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मुळाशी अब्रूची आणि उपजीविकेची ओढाताण आहे. मात्र घराण्याची प्रतिष्ठा कशी राखली, या प्रश्नापाशी न थांबता कमावत्या स्त्रीने संसार कसा पेलला, याचा हिशेब ते मांडते.

प्रभातसारख्या संस्था ज्या पद्धतीने चालत तिला स्टुडिओ पद्धती असे म्हणतात. या पद्धतीत जागा, यंत्रसामग्री, तंत्रज्ञ आणि कलावंत हे सारे एकाच कंपनीच्या छत्राखाली असत; नट-नट्यांना ठरावीक मुदतीच्या करारावर मासिक पगार मिळे आणि त्या मुदतीत त्यांनी अन्य कोणाकडे काम करू नये, अशी अट असे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्यास आली, तेव्हा तिने आपल्या आवारातच प्रशस्त चित्रीकरणगृह, प्रयोगशाळा आणि कार्यशाळा उभारली. तेथील शिस्त नावाजलेली होती. तथापि त्या शिस्तीमागे किती श्रम होते, हे दोन तांत्रिक बाबींवरून कळते. पहिली म्हणजे, प्रभातचे अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी तयार होत. एक दृश्य मराठीत पार पडले की तेच पुन्हा हिंदीत करावे लागे, म्हणजे एका कथेसाठी नटीला दोनदा अभिनय करावा लागे. दुसरी म्हणजे, गायकाचा आवाज आधी मुद्रित करून नटाने केवळ ओठ हलविण्याची पार्श्वगायनाची सोय १९३५ पर्यंत हिंदुस्थानात आलेली नव्हती आणि नंतरही ती रुळायला काही वर्षे गेली. तोवर नटीने कॅमेऱ्यासमोर गात गात अभिनय करायचा, आणि सूर, शब्द किंवा प्रकाश यांपैकी काहीही चुकले तर सारे पहिल्यापासून करायचे.

या व्यवस्थेला पहिले उघड आव्हान दिले ते शांता आपटे यांनी. ‘अमृतमंथन’, ‘अमरज्योती’ आणि विशेषतः १९३७ चा ‘कुंकू’ या चित्रपटांनी त्या देशभर ओळखल्या जाऊ लागल्या होत्या. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘कुंकू’त त्यांनी वृद्धाशी फसवून लावून दिलेले लग्न नाकारणारी नीरा उभी केली होती. १९३९ मध्ये कंपनीशी कराराच्या प्रश्नावरून त्यांचा वाद झाला आणि त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. स्वातंत्र्यचळवळीने ओळखीचे करून दिलेले हे हत्यार एका नामवंत नटीने आपल्या मालकाविरुद्ध उपसावे, ही घटना तत्कालीन वृत्तपत्रांना खमंग बातमी वाटली. शांताबाईंनी मात्र पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्या घटनेला विचाराची बैठक दिली. ते रूढ अर्थाने आत्मचरित्र नाही. चित्रपटात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींच्या मनातील प्रश्न शीर्षकात घेऊन ते या धंद्याची फोड करते : भांडवल कोणाचे, नफा कोणाचा, झीज कोणाची. अलीकडच्या चित्रपट-इतिहासकारांनी, विशेषतः देबश्री मुखर्जी यांनी, या पुस्तकाकडे श्रमाच्या इतिहासाचे साधन म्हणून नव्याने लक्ष वेधले आहे. मराठी अभिनेत्रींच्या आत्मपर लेखनाची सुरुवातच अशा प्रकारे कबुलीने नव्हे तर कामाच्या अटींच्या चिकित्सेने झाली, ही गोष्ट नंतरच्या वाचकांच्या नजरेआड गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टुडिओ पद्धती ढासळू लागली. कच्च्या फिल्मची टंचाई, युद्धकाळातील नफ्याचा पैसा घेऊन आलेले नवे निर्माते आणि लोकप्रिय नटांना एकेका चित्रपटासाठी एकरकमी देऊ केलेले मोठे मोबदले, यांमुळे मासिक पगाराची बांधिलकी सैल झाली. चित्रपटागणिक करार ही नवी रीत रुळली, आणि एकाच कंपनीशी बांधून न घेता निरनिराळ्या संस्थांकडे काम करण्याचा मार्ग दुर्गाबाईंसारख्यांनी तर त्याआधीच धरला होता. या स्वातंत्र्याची दुसरी बाजू लीला चिटणीस यांच्या कारकिर्दीत दिसते. धारवाड येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या, पदवीधर असलेल्या आणि मुलांची जबाबदारी एकटीने पेलणाऱ्या लीलाबाई ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या रंगभूमीवरून चित्रपटात आल्या; ‘कंगन’, ‘बंधन’ आणि ‘झूला’ या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांनी १९३९ ते १९४१ या काळात त्या आघाडीवर पोहोचल्या आणि लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणारी पहिली भारतीय तारका म्हणून त्यांची नोंद झाली. मात्र १९४८ च्या ‘शहीद’मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, त्या नायकाची आई झाल्या आणि पुढे ‘आवारा’सह दीर्घकाळ आईच्याच भूमिका त्यांच्याकडे येत राहिल्या. ‘चंदेरी दुनियेत’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८१ मध्ये आले. पगारी पद्धतीत नटीला निदान मुदतीपुरती हमी होती; करार पद्धतीत तिची किंमत दर चित्रपटागणिक नव्याने ठरू लागली आणि ती ठरविताना तिचे वय हा पहिला निकष झाला.

कमाई नटीची असली तरी करार तिच्या हाती असेच असे नाही, हे सर्वांत निःसंकोचपणे सांगितले हंसा वाडकर यांनी. मूळच्या रतन साळगावकर असलेल्या हंसाबाई १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटापासून, म्हणजे कोवळ्या वयापासून, घराच्या कमावत्या झाल्या. बॉम्बे टॉकीज आणि प्रभात या दोन्ही ठिकाणच्या कामाचा त्यांना अनुभव होता. ‘संत सखू’, ‘रामशास्त्री’, ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘पुढचं पाऊल’ यांसारख्या चित्रपटांनी त्यांना मराठी पडद्यावर अव्वल स्थान दिले, आणि अनंत माने यांच्या १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटाने पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालून विक्रम केला. त्यांनी आपली कहाणी अरुण साधू यांना सांगितली, ती श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’ साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने त्याच चित्रपटाचे नाव देऊन ती पुस्तकरूपात आणली. दारू, परपुरुष, घर सोडून जाणे आणि परत येणे यांविषयीच्या सरळ निवेदनामुळे हे पुस्तक गाजले. पण त्या निवेदनाचा कणा आर्थिक आहे : संसार करावा आणि काम थांबवावे अशी नटीची इच्छा, तिच्या कमाईवर विसंबलेले माहेर आणि सासर, आणि तिच्या वतीने काम ठरविणारा नवरा. घरातला पुरुषच तिचा व्यवस्थापक झाल्यावर स्टुडिओच्या फाटकाशी बसून सुटेल असा हा तंटा राहिला नाही.

१९७० ते १९९० ही दोन दशके या आत्मकथनांच्या बहराची ठरली. ‘सांगत्ये ऐका’नंतर स्नेहप्रभा प्रधान यांचे ‘स्नेहांकिता’, लीलाबाईंचे आणि दुर्गाबाईंचे आत्मचरित्र आणि ‘माणूस’ चित्रपटातील मैना म्हणून लोकांच्या स्मरणात राहिलेल्या शांता हुबळीकर यांचे ‘कशाला उद्याची बात’ अशी ओळच लागली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून चालत आलेली स्त्रियांच्या आत्मकथनाची सकस परंपरा, साप्ताहिके आणि दिवाळी अंकांचा वाढता वाचकवर्ग आणि पहिल्या बोलपटयुगातील पिढीचे उतारवय ही त्याची कारणे होत. या पुस्तकांच्या शेवटच्या प्रकरणांत निवृत्तिवेतन नसलेल्या धंद्यातील वार्धक्य डोकावते. शांता हुबळीकर यांना उतारवयात आश्रमाचा आसरा घ्यावा लागला, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

याच सुमारास दूरचित्रवाणीने या इतिहासात प्रवेश केला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रभातच्या ज्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट चालत होती, तेथेच १९७४ मध्ये दूरचित्रवाणी प्रशिक्षणाचाही विभाग आला. मुंबई केंद्राच्या पहिल्या पिढीत मराठी बातम्या वाचणाऱ्या तरुणींमध्ये स्मिता पाटील होत्या. पुढे १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी ‘सांगत्ये ऐका’च्या आधारे ‘भूमिका’ हा चित्रपट केला आणि त्यातील नायिकेच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनेत्रीच्या कामाविषयीचे चिंतन स्वतःच चित्रपटाचा विषय झाले आणि ते पडद्यावर साकारणारी स्त्री दूरचित्रवाणीतून आली होती, हा संयोग दोन माध्यमांच्या सांध्यावर उभा आहे. त्या काळच्या दूरदर्शनवरील काम सरकारी स्वरूपाचे होते. मानधन माफक असले तरी नियमांनी बांधलेले असे, आणि नाटिका चित्रीकरणगृहात एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी सलग टिपल्या जात असल्याने रंगभूमीच्या नटांना ते तंत्र परके वाटत नसे.

१९८४ च्या ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले. प्रायोजित मालिका म्हणजे बाहेरच्या निर्मात्याने तयार केलेली आणि जाहिरातदाराच्या पैशावर चालणारी, बहुधा आठवड्याला एक भाग असलेली मालिका. या व्यवस्थेत अनुभवी अभिनेत्रींना निर्मितीचा मार्ग मोकळा झाला. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर बेतलेली १९८८ ची ‘वागले की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती. दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका म्हणून ओळख मिळविलेल्या स्मिता तळवलकर यांनी ‘कळत नकळत’, ‘चौकट राजा’ यांसारखे चित्रपट आणि पुढे ‘अवंतिका’सारख्या मालिका निर्माण केल्या. दुसरीकडे, चित्रपटाने बाजूला सारलेल्या ज्येष्ठ नट्यांना या माध्यमाने पुन्हा काम दिले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरा म्हणजे मूकपटांच्या काळी बालकलाकार म्हणून आलेल्या ललिता पवार. १९४२ मध्ये चित्रीकरणातील एका थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्याला अर्धांग होऊन डोळ्याला कायमची इजा झाली होती आणि त्यानंतर त्यांनी चरित्र-भूमिकांतून नवी कारकीर्द घडविली होती. त्याच मालिकेतील कौसल्या म्हणजे ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटाची नायिका जयश्री गडकर. पडद्यावर एकेकाळी लावणी साकारणारी नटी घरोघरी राजमाता म्हणून पूज्य ठरली. पण दोघींच्याही वाट्याला आले ते वयाने आखून दिलेलेच पात्र.

खासगी वाहिन्यांनी गणित पुन्हा बदलले. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आल्यावर दैनंदिन मालिका हा मराठी दूरचित्रवाणीचा मुख्य प्रकार झाला. दूरदर्शनवरील ‘दामिनी’ने त्याची वाट आधीच पाडून ठेवली होती. आठवड्याला पाच-सहा भाग प्रसारित व्हायचे म्हणजे ते त्याच वेगाने चित्रित व्हायला हवेत. म्हणून आगाऊ चित्रित भागांचा साठा, ज्याला या क्षेत्रात ‘बँक’ म्हणतात, तो आटू नये यासाठी दिवसाचे बारा-बारा तास काम चालते. कलावंताला मोबदला बहुधा दिवसाच्या हिशेबाने ठरतो आणि तो हाती पडायला नव्वद दिवस लागणे, ही या धंद्याची रूढ रीत आहे. कथा कुठे वळेल हे टीआरपीवर, म्हणजे निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचांना जोडलेल्या यंत्रांवरून काढलेल्या प्रेक्षकसंख्येच्या अंदाजावर, ठरते. त्यामुळे करार करताना अभिनेत्रीच्या हाती संपूर्ण संहिता नसते आणि आपले पात्र किती काळ जगणार, हे तिला ठाऊक नसते. रोहिणी हट्टंगडी यांच्या ठसठशीत भूमिकेने गाजलेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून तीन हजारांहून अधिक भाग चालली. याच पद्धतीने एकीकडे स्त्री-पात्रांना कथेच्या केंद्रस्थानी आणले, रंगभूमीवरील अनेक अभिनेत्रींना स्थिर उत्पन्न दिले आणि कोल्हापूर-साताऱ्याकडे होणाऱ्या चित्रीकरणामुळे त्या भागांतील नव्या मुलींना संधी मिळाली; तर दुसरीकडे स्टुडिओ पद्धतीतील मक्तेदारीच्या अटी पगाराच्या हमीशिवाय परत आल्या.

या व्यवस्थेतील धोका २०२० च्या महासाथीने उघडा केला. चित्रीकरण पुन्हा सुरू करताना राज्य शासनाने पासष्ट वर्षांवरील कलावंतांना मनाई केली. उपजीविकेच्या हक्काचा प्रश्न उपस्थित झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती मनाई रद्द ठरविली. सप्टेंबरमध्ये, साताऱ्याजवळ एका मालिकेचे चित्रीकरण सुरू असताना झालेल्या संसर्गाने आशालता वाबगावकर यांचे निधन झाले. गोव्यात जन्मलेल्या, गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’ने नाव मिळविलेल्या आशालताबाईंनी नाटक, हिंदी-मराठी चित्रपट आणि मालिका अशी सारी वळणे पाहिली होती. वृद्ध अभिनेत्रीला काम नाकारणे हा अन्याय, आणि संरक्षणाची पुरेशी हमी नसताना तिने काम करणे हा धोका. या कात्रीतून सुटण्याचा मार्ग निवृत्तिवेतन आणि विमा यांच्या व्यवस्थेतूनच निघू शकतो, आणि ही व्यवस्था चारही कालखंडांत दुबळीच राहिली.

मालिकांच्या पिढीचे चिंतन सलग ग्रंथांपेक्षा मुलाखती, सदरे आणि दिवाळी अंकांतील लेख यांतून अधिक विखुरलेले आहे. ज्या कामात दिवसाचे बारा तास जातात त्यात लेखनाला फुरसत कमी, आणि ज्या वाहिनीकडून पुढचे काम मिळायचे तिच्याविषयी नावानिशी लिहिणे अवघड, ही दोन्ही कारणे त्यामागे संभवतात. म्हणून या साऱ्या लेखनाची दोन टोके शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त ठरते. शांता आपटे यांचे पुस्तक प्रसिद्धीच्या ऐन भरात आणि वादाच्या धगीत लिहिले गेले. पुढच्या बहुतेकींनी कारकीर्द मावळल्यावर लेखणी हाती घेतली, तेव्हा करार संपले होते आणि बोलण्याची किंमत मोजावी लागणार नव्हती. अभिनेत्रींच्या आत्मकथनांतील मोकळेपणा अनेकदा स्वभावाचा गुण म्हणून वाखाणला जातो. तो रोजगाराच्या अटींनीही ठरतो, हे या इतिहासावरून दिसते. मालिकांच्या अभिनेत्रींना काम चालू असतानाच स्वतःच्या कामाविषयी निर्भयपणे लिहिता आले, तरच १९४० मध्ये शांताबाईंनी सुरू केलेली चिकित्सा पुढे सरकली असे म्हणता येईल.